थांबा म्हणायला शिकवताना

तळ्यातला मासा उपासमारीने मरायला फार दिवस लागतात. खाद्य जास्त पडत गेलं, तर मात्र अख्खं तळं एका पहाटेत हातचं जाऊ शकतं. गावपातळीवरच्या विस्तार कार्यकर्त्यांना, म्हणजे शेतकऱ्यांना घरी जाऊन सल्ला देणाऱ्यांना, गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीचं प्रशिक्षण द्यायला मी उभी राहते, तेव्हा पहिल्या सत्रात एवढीच दोन वाक्यं फळ्यावर लिहिते. समोरची मंडळी ती मुकाट उतरवून घेतात आणि पेन तसंच धरून बसतात. खरं प्रशिक्षण अजून सुरू व्हायचंय, असं त्यांना वाटत असतं. त्यांना आकडे हवे असतात. हेक्टरी बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) किती, चुना किती, शेण किती, खाद्य किती, किती महिन्यांत किती वजन.

आकडे मी देतेच. नाही दिले तर मधल्या सुट्टीत "मॅडमना प्रत्यक्षातलं काही माहीत नाही" अशी कुजबुज सुरू होते. कटला, रोहू, मृगळ आणि त्यांच्या जोडीला चंदेरा, गवत्या, सायप्रिनस अशी मिश्र मत्स्यशेती असेल, तर हेक्टरी साधारण ५,००० ते १०,००० बोटुकली. खाद्य सुरुवातीला माशांच्या एकूण वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास, मग मासा वाढेल तसं उतरत २ टक्क्यांपर्यंत. पाण्याचा सामू (पीएच) ७.५ ते ८.५. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर. हे सगळं कुठल्याही माहितीपत्रकात सापडतं आणि त्या पत्रकांशी माझं भांडण नाही. अडचण अशी, की ती पत्रकं पाठ करून तयार झालेला कार्यकर्ता तळ्याच्या काठावर उभा राहिला की प्रत्येक प्रश्नाला 'आणखी काहीतरी घाला' हेच उत्तर देतो. पाणी हिरवं होत नाही? शेण घाला. मासा वाढत नाही? खाद्य वाढवा. मासा पहाटे वर येऊन तोंड उघडतोय? औषध टाका.

त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याचं सगळं काम मोजलं जातं ते दिलेल्या गोष्टींवर: किती बीज वाटलं, किती पोती पोचवली, किती मेळावे भरवले. 'आज जाऊन खाद्य टाकू नका म्हणून सांगून आलो' हे वाक्य कुठल्याच अहवालात बसत नाही. पण मत्स्यशेतीत कामाचा सल्ला निम्म्या वेळा नेमका तोच असतो. त्यामुळे माझ्या प्रशिक्षणाचं जे काही सूत्र म्हणायचं ते हे: माणसाला 'थांबा' म्हणता आलं पाहिजे, का थांबायचं ते कळलं पाहिजे, आणि ते समोरच्याला पटेल असं सांगता आलं पाहिजे. यातलं तिसरं सगळ्यात कठीण.

पिकातून आलेल्या कार्यकर्त्यांना एक गोष्ट सुरुवातीला फार जड जाते. पिकाचं सगळं डोळ्यांपुढे असतं. पान पिवळं पडलं, कीड दिसली, वाढ खुंटली, तर बांधावरून कळतं. मासा मात्र बीज सोडल्यापासून जाळं ओढेपर्यंत दिसतच नाही. महिन्यातून एकदा फेकजाळं टाकून थोडे मासे काढायचे, वजन करायचं, सोडून द्यायचे; बाकी सगळा कारभार अंदाजावर. न दिसणाऱ्या जनावराबद्दल माणसाला भीती वाटते आणि भीतीपोटी तो काहीतरी करत सुटतो. खाद्य टाकणं ही त्यातली सगळ्यात सोपी आणि मनाला बरं वाटणारी कृती.

म्हणून पहिला खरा धडा मी सूर्योदयाआधी घेते. त्यावर कुरकुर होतेच. आदल्या संध्याकाळी गर्द हिरव्या तळ्यावर सगळ्यांना नेऊन मीटरने ऑक्सिजन मोजायला लावते. आकडा १२-१३ मिलिग्रॅमच्या घरात येतो आणि सगळे खूश होतात. पत्रकात ५ च्या वर हवा म्हटलंय, इथे तर दुपटीहून जास्त! एखादा हुशार विद्यार्थी तिथेच अडतो. ३० अंश तापमानाला पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन विरघळून राहू शकतो हे त्याने सकाळच्या सत्रात ऐकलेलं असतं (२० अंशाला हाच आकडा ९ च्या थोडा वर जातो, थंड पाणी जास्त धरून ठेवतं). मग १३ कसे? त्या प्रश्नाने मला फार आनंद होतो. पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, म्हणजे वनस्पती प्लवंग, दिवसभर उन्हात इतका ऑक्सिजन बनवतं की पाण्याला तो धरून ठेवणं झेपत नाही. ही श्रीमंती उधारीची असते. रात्री तेच शेवाळ, तेच मासे, तळाचा गाळ आणि त्यातले जिवाणू सगळे मिळून श्वास घेत राहतात आणि बनवणारं कोणीच नसतं. पहाटे पुन्हा त्याच जागी, तितक्याच खोलीवर मीटर सोडला की आकडा २ च्या खाली दिसतो. काही वेळा त्याहून खाली.

हा आकडा त्यांनी स्वतः वाचावा यासाठी सगळा खटाटोप. मी वर्गात आलेख काढून हेच सांगितलं असतं, तर त्यांनी तो नेटका उतरवून घेतला असता आणि गावात जाऊन दुपारी बारा वाजता पाणी तपासलं असतं. दुपारचं पाणी नेहमी ठणठणीत असतं. तपासणीला गेलेली माणसं दुपारी जातात, आणि मासे पहाटे मरतात.

त्याच काठावर उभं राहून आणखी एक गोष्ट शिकवता येते. मेलेले मासे समोर असतील तर आधी आकार बघायचा. ऑक्सिजन कमी पडून मर झाली असेल तर मोठे मासे आधी जातात, लहान टिकून राहतात. शेतातलं कीटकनाशक वाहून आलं असेल, किंवा दुसरं काही विषारी मिसळलं असेल, तर बहुधा लहान आधी जातात आणि दिवसाच्या कुठल्याही वेळी जातात. गोगलगायी आणि कोळंबी काठाला चढून आल्या असतील तर पुन्हा ऑक्सिजनकडेच बोट जातं. यासाठी ना मीटर लागतो ना प्रयोगशाळा. पण आधी बघायचं, मग बोलायचं, ही शिस्त लागते. आणि काठावर घाबरलेला शेतकरी हात धरून "काय टाकू सांगा" म्हणत असताना ती पाळणं सोपं नाही. त्या क्षणी करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. खाद्य बंद, शेण बंद, पाणी हलवायचं. पंप असेल तर त्याच तळ्यातलं पाणी उचलून उंचावरून परत त्यातच पाडायचं, ताजं पाणी मिळत असेल तर ते सोडायचं. उरलेलं काम सूर्य उगवला की शेवाळ करतं.

आता चुन्याबद्दल, कारण चुना हा विस्तार कार्यकर्त्याचा लाडका उपाय. तळं तयार करताना, बीज सोडण्याआधी, तो खरंच उपयोगी असतो. पण उभ्या तळ्यात काहीही बिनसलं की चुना फेकायचा, ही सवय मला धास्ती वाटायला लावते. तिन्ही चुन्यांना एकाच नावाने हाक मारली जाते: कळीचा चुना, विरवलेला चुना आणि चुनखडीची भुकटी. चुनखडीची भुकटी सौम्य असते, ती सामू साधारण ८.३ च्या पुढे नेत नाही. कळीचा चुना मात्र सामू झटकन वर चढवतो. आणि तळ्यात खाद्याचा, विष्ठेचा अमोनिया साठला असेल तर सामू वर जाणं हीच खरी आपत्ती. पाण्याचं तापमान २५ अंश धरलं तर सामू ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ ला तो ५ टक्क्यांच्या आसपास जातो, ९ ला एक तृतीयांशाच्याही वर. पाण्यातला एकूण अमोनिया तेवढाच राहतो, तरी मासा गुदमरतो.

यातली गंमत, म्हणजे शिकवणाऱ्याच्या दृष्टीने गंमत, अशी की गर्द हिरव्या तळ्याचा सामू दुपारी आपोआपच चढतो. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं म्हणून. म्हणजे त्याच तळ्याला पहाटे ऑक्सिजनचा धोका आणि दुपारी अमोनियाचा. दोन्हींचं मूळ एकच, पाण्यात गेलेलं जास्तीचं अन्न. खाद्यातल्या नत्राचा साधारण पाव ते एक तृतीयांश भागच माशाच्या अंगी लागतो. बाकी सगळं पाण्याच्या वाट्याला. हे गणित समजलेला कार्यकर्ता चुन्याचं पोतं उघडण्याआधी विचारतो, "काल खाद्य किती टाकलं होतं? खाल्लं का सगळं?" खाद्य भरून बांबूला टांगलेली, भोकं पाडलेली गोणी वर काढून बघतो. गोणीत आदल्या दिवसाचं खाद्य शिल्लक असेल तर त्याला उत्तर मिळालेलं असतं.

हिरवेपणा मोजायला मी सेक्की डिस्क वापरते. काळ्या-पांढऱ्या चतकोरांची, वीस सेंटिमीटर व्यासाची थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली वाचायची. जिला ज्यांचं नाव मिळालं ते अँजेलो सेक्की हे इटलीतले धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांचे वर्णपट तपासणाऱ्या या माणसाने १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या थाळ्या बुडवून पाण्याची पारदर्शकता मोजली. काळ्या-पांढऱ्या चतकोरांची सुधारणा नंतरची. आज डबक्याएवढ्या तळ्याच्या काठावर तीच थाळी पाहिली की मला त्या धर्मगुरूंचं अप्रूप वाटतं. ३० ते ४० सेंटिमीटरला दिसेनाशी झाली तर पाणी ठीक. २० च्या आत गेली तर खत आणि खाद्य दोन्ही बंद. थाळी नसेल तर हात कोपरापर्यंत बुडवायचा आणि तळवा दिसतो का बघायचं. पाणी मातीने गढूळ असेल तर मात्र हे सगळं फसतं. त्यामुळे आधी ओंजळीत पाणी घेऊन रंग बघा, हिरवं आहे की तांबूस, हे मी दोन-तीनदा बजावते.

बीज सोडण्याच्या बाबतीत 'थांबा' म्हणणं याहून अवघड असतं. तिथे समोर भीती नसते, आशा असते. १९५७ च्या १० जुलैला ओडिशातल्या अंगुल इथे मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी पियूषिका ग्रंथीचा (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा) अर्क टोचून भारतीय कार्प माशांचं प्रजनन तळ्यात घडवून आणलं. तोवर या माशांचं बीज नदीतून, पुराच्या पाण्यातून गोळा करावं लागायचं. त्यात कुठल्या जातीचं काय आलं याचा भरवसा नसायचा. जितकं मिळेल तितकं सोडायचं, निम्मं मरणारच, ही वृत्ती त्या टंचाईतून आली असावी असं मला वाटतं. आता हॅचरीतून, म्हणजे बीज तयार करणाऱ्या केंद्रातून, हवं तेव्हा, हवं त्या जातीचं मत्स्यजिरं (नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लं) मिळतं, पण हात अजून टंचाईच्या काळातलाच. ५,००० चा सल्ला दिला की शेतकरी १२,००० मागतो. कार्यकर्त्याकडे वाटपाचं लक्ष्य असतं, तो १२,००० देतो. वर्षअखेरीला तळ्यात मासे भरपूर निघतात आणि सगळे हाताच्या बोटाएवढे.

तिलापियाचं उदाहरण मी इथे मुद्दाम देते. १९४० आणि ५० च्या दशकांत आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत वसाहती सरकारांनी हजारो लहान तळी खोदून घेतली आणि त्यात तिलापिया सोडला. मासा काटक, काहीही खाणारा, पिल्लं तोंडात सांभाळणारा. पण तो काही महिन्यांतच, तळहाताएवढाही नसताना, अंडी घालायला लागतो. एका हंगामात तळं पिल्लांनी भरून जातं, खाणारी तोंडं वाढतात, आणि कुणाचीच वाढ होत नाही. १९६० नंतर यातली बरीच तळी ओस पडली. राजवटी बदलल्या, मदत आटली, कारणं अनेक होती. पण तळ्यातून निघणारा मासा इतका बारीक होता की तळं राखण्यात कुणाला राम वाटेना, हेही त्यातलं एक. मोजके मासे ठेवणं, नर-मादी वेगळे करणं, वेळेवर उपसा करणं या गोष्टी रुजायच्या आत तळी खोदून झाली होती.

विस्तार यंत्रणेचा स्वभावच असा की तिला ठरीव निरोप आवडतो. डॅनियल बेनॉर यांनी मांडलेली आणि जागतिक बँकेने १९७० आणि ८० च्या दशकांत अनेक देशांत नेलेली 'प्रशिक्षण आणि भेट' पद्धत याचा नमुना. पंधरवड्याला कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण, ठरलेल्या वारी ठरलेल्या शेतकऱ्याची भेट, आणि त्या पंधरवड्याचा ठरलेला संदेश. शिस्तीच्या दृष्टीने ती पद्धत वाईट नव्हती. कार्यकर्ता गावात येतो आणि ठरल्या दिवशी येतो, हेच कित्येक ठिकाणी नवं होतं. भाताच्या किंवा गव्हाच्या सलग पट्ट्यात एक संदेश शंभर शेतांना चालूनही जातो. तळ्यांना चालत नाही. शेजारशेजारची दोन तळी, एकाच दिवशी खोदलेली, एकाच नळाने भरलेली, तीन महिन्यांनी पूर्ण वेगळी वागतात. एकाला शेण हवं असतं, दुसऱ्याला ते विष ठरतं.

मला शिकवण्याची उलटी रीत इंडोनेशियाच्या भातशेतीकडून मिळाली. तिथे तपकिरी तुडतुड्यांनी भाताची धूळधाण केली होती, आणि फवारणी जितकी वाढली तितके तुडतुडे वाढले, कारण औषधाने त्यांना खाणारे कोळी आधी मरत होते. १९८६ मध्ये सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, कीटकनाशकांचं अनुदानही टप्प्याटप्प्याने काढून घेतलं. १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. दर आठवड्याला शेतातच जमायचं, चुडात शिरून किडे मोजायचे, मित्र कोण शत्रू कोण त्याचं चित्र काढायचं, बरणीत कोळी आणि तुडतुडा एकत्र ठेवून काय होतं ते बघायचं. या सगळ्याचा रोख एकाच निर्णयाकडे होता: आज फवारायचं की नाही? आणि बहुतेक आठवड्यांचं उत्तर 'नाही' असायचं. न फवारण्याचा निर्णय शेतकऱ्याने स्वतःच्या नजरेच्या जोरावर घ्यावा, यासाठी एक अख्खी शिक्षणपद्धत उभी राहिली, याचं मला अजून कौतुक वाटतं. पहाटेचा मीटर आणि काठावरची थाळी ही मी तिथूनच उसनी घेतलेली युक्ती आहे.

न करण्याच्या सल्ल्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण बांगलादेशातलं. कार्पचं बीज सोडण्याआधी तळ्यातले सगळे जुने मासे मारून टाकायचे, हा मत्स्यशेतीचा अगदी पाठ केलेला पहिला धडा. मरळसारखे शिकारी मासे बीज खाऊन टाकतात, म्हणून त्यामागे कारण आहेच. विषारी औषध घालायचं, किंवा हेक्टरी २,५०० किलो मोहाची पेंड, जिचा विखार दोन-तीन आठवड्यांनी ओसरतो आणि नंतर तिचं खत होतं. पण या सफाईत शिकारी माशांबरोबर बोटभर लांबीचा, निरुपद्रवी मोला मासाही जायचा. शकुंतला हरकसिंग थिलस्टेड यांच्या संशोधनातून पुढे आलं की डोक्यासकट अख्खा खाल्ला जाणारा हा मासा अ जीवनसत्त्वाचा फार मोठा साठा आहे, आणि कार्पबरोबर तळ्यात राहू दिला तरी कार्पचं उत्पादन घटत नाही. २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. सगळ्या माहितीपत्रकांनी कचरा ठरवलेला मासा हा घरातल्या लहान मुलांच्या दृष्टीने तळ्यातला बहुधा सगळ्यात मोलाचा मासा निघाला. ही हकीकत सांगितली की वर्गातले बरेच जण अस्वस्थ होतात. ज्यांनी वर्षानुवर्षं इमानदारीने सफाई करून घेतली, ते तर होतातच. मला ती अस्वस्थता हवी असते. मारायचं असेल तर काय मारतोय ते आधी जाळ्यात काढून बघा, एवढं जरी त्यातून रुजलं तरी चालेल.

इथपर्यंत आले की कोणीतरी मला अडवतं, आणि अडवायलाच हवं. एका तुकडीतली एक शांत मुलगी शेवटच्या बाकावरून म्हणाली, "मॅडम, आमच्याकडच्या तळ्यांत कोणी काही टाकतच नाही. पाणी तळ दिसेल इतकं स्वच्छ. त्यांनाही थांबाच म्हणू?" तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. गरीब माणसाच्या तळ्यात अतिरेक येणार कुठून? तिथे थाळी साठ-सत्तर सेंटिमीटरपर्यंत दिसत राहते, पाण्यात प्लवंग नसतो, मासा खरोखर अर्धपोटी असतो, आणि शेणाची एखादी पाटीसुद्धा फरक करून जाते. २००५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळालेले मोदाडुगू विजय गुप्ता यांनी बांगलादेशात जे काम उभं केलं, ते अशाच दुर्लक्षित पाण्यांवर. रस्त्याकडेचे खड्डे, काही महिनेच पाणी टिकणारी डबकी, घरामागचे जुने खाचखळगे. कमी काळात वाढणारे मासे, घरातच मिळणारा कोंडा आणि शेण, आणि शिकणाऱ्यांत मोठ्या संख्येने बायका. तिथे कार्यकर्त्याने 'थांबा' म्हटलं असतं तर तो मूर्खपणा ठरला असता. म्हणजे 'थांबा' हाही पुन्हा एक ठरीव संदेश होऊन बसू शकतो, आणि वर्गात तो तसा होऊ लागला की मी त्या मुलीचा प्रश्न फळ्यावर लिहिते.

त्यानंतरचा दिवस मी सरावासाठी ठेवते. एकाने तळ्याचा मालक व्हायचं, दुसऱ्याने कार्यकर्ता. मालकाने आदल्याच आठवड्यात खाद्याची नवी पोती आणलेली आहेत, आभाळ भरून आलंय, तीन दिवस ऊन नाही, आणि पाणी गर्द हिरवं. आता त्याला खाद्य बंद करायला सांगा. हसत-खेळत सुरू झालेला हा खेळ थोड्याच वेळात गंभीर होतो, कारण मालक झालेला माणूस खरोखर चिडतो. "तुम्ही काय, बोलून निघून जाल. माझे मासे उपाशी राहिले तर?" कार्यकर्ता सुरुवातीला आकडे सांगतो, मग अधिकार दाखवतो, मग गप्प होतो. त्या शांततेत मी मध्ये पडत नाही.

एका वयस्क कर्मचाऱ्याने मला अशाच सत्रात सांगितलं होतं, "रिकाम्या हाताने गेलो तर पुढच्या वेळी बसायलाही सांगणार नाहीत, मॅडम." त्यांचा अनुभव माझ्याहून मोठा होता आणि ते बरोबर बोलत होते. नुसतं 'करू नका' म्हणून परत येता येत नाही. मग तुकडीतूनच उत्तर निघालं: बंद करायला सांगायचं तेव्हा बघायला काहीतरी द्यायचं. तीन दिवस खाद्य नको, पण रोज पहाटे काठावर येऊन मासे वर येतात का ते बघायचं. आले तर कोणत्या बाजूला, किती वेळ, ऊन पडल्यावर खाली जातात का. हात कोपरापर्यंत बुडवून रोज रंग बघायचा. उपाशी राहण्याची भीती घालवायला मी आणखी एक गोष्ट सांगायला लावते. तीन दिवसांच्या उपासाने कार्पचं काही बिघडत नाही. शिवाय हिरव्या पाण्यात प्लवंग खाणाऱ्या माशांचं पान वाढलेलंच असतं. मालकाला काम मिळतं, कार्यकर्त्याला परत यायला निमित्त. तीन दिवसांनी मालकाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं, आणि पुढचं बोलणं त्याच्यापासून सुरू होतं. या संवादात जे कार्यकर्ते तयार होतात, त्यांत पदवीधर असतात तसे दहावी नापासही असतात. कोण जमवेल याचा अंदाज मला पहिल्या दिवशी कधीच बांधता येत नाही.

औषधांच्या बाटल्यांबद्दल थोडक्यात. तळ्यासाठी म्हणून विकली जाणारी जिवाणूंची पाकिटं आणि 'पाणी शुद्ध करणारी' द्रावणं यांच्यावर माझा सरसकट राग नाही. पण विक्रेता गावात कार्यकर्त्याच्या आधी पोचतो आणि त्याच्याकडे कधीच 'काही टाकू नका' असं उत्तर नसतं. ज्या कार्यकर्त्याला पहाटेचा आकडा वाचता येतो, त्याला निदान विचारता येतं, "टाकण्याआधी किती होता आणि नंतर किती झाला?"

राहता राहिला अहवाल. मी शिकवलेलं सगळं महिनाअखेरीच्या तक्त्यावर येऊन आपटतं. वाटलेलं बीज, लाभार्थी, मेळावे, क्षेत्र असे रकाने. एका बैठकीत एका अधिकाऱ्यांनी मला सरळ विचारलं, "मर झाली नाही हे तुमच्या सल्ल्यामुळे, याचा पुरावा काय?" प्रश्न रास्त होता. त्यावर आम्ही प्रत्येक तळ्यासाठी एक वही ठरवली. तारीख, पहाटेचा ऑक्सिजन किंवा मासे वर आले का, थाळीची खोली, काल टाकलेलं खाद्य, दिलेला सल्ला, तीन दिवसांनंतरची स्थिती. सल्ला 'बंद ठेवा' असेल तर तोही काम म्हणून मोजायचा. शेवटच्या सत्रात तुकडी स्वतः रकाने आखते आणि त्यावर कडाक्याचे वाद होतात. गेल्या तुकडीने एक रकाना वाढवला, 'मालकाने ऐकलं का?' अधिकाऱ्यांना तो नको आहे, त्यात 'नाही' फार दिसेल म्हणून. कार्यकर्त्यांना तो हवाच आहे, कारण मर झाली तर दोष त्यांच्यावर येतो. पुढच्या तुकडीच्या छापील वहीत तो रकाना असावा, यासाठी सध्या माझा पत्रव्यवहार चालू आहे.